काठावर उरलेला कण

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. पण माझ्यातून चंद्र-तारे दिसत नाहीत. माणसाचं मोठं आतडं आतून पाहणं हे माझं काम. मी म्हणजे बोटाएवढी जाड, काळी, लवचीक नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा, आणि आतून एक अरुंद वाट. त्या वाटेने बारीक हत्यारं आत सोडतात.

दवाखान्यात आले तेव्हा माझे फार लाड झाले. पुढे माझ्याहून लख्ख दिसणारी नवी दुर्बीण आली आणि मी कपाटात लटकत राहिले. ती दुरुस्तीला गेली की तेवढी माझी आठवण व्हायची.

अशाच एका सकाळी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक काका तपासणीला आले. मला पाहून ते नर्सला म्हणाले, "सिस्टर, जन्मभर मी नळीत फुंकत आलो. आज नळी माझा सूड घेणार बहुतेक!"

सिस्टर हसल्या. सोबत आलेली काकांची धाकटी बहीण मात्र हसली नाही. त्यांचे वडील आतड्याच्या कर्करोगाने गेले होते. आणि काही वर्षांपूर्वी काकांच्या आतड्यातही एक पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेला मांसाचा छोटा कोंब, सापडला होता. असे कोंब वेळीच काढले नाहीत, तर काहींचा पुढे कर्करोग होतो. दुसऱ्या एका दवाखान्यात तो चिमट्याने तुकड्या-तुकड्यांनी काढला होता. 'निघाला' असं सांगितलंही होतं.

"मग आता कशाला घाबरतेस?" काका तिला म्हणाले.

"मी कुठे घाबरतेय?" असं म्हणत तिने पर्सचा पट्टा पिळून पिळून दोरी केली होती.

काकांना हलकी गुंगी दिली. मी आतड्याच्या टोकापर्यंत गेले आणि परतीच्या वाटेवर डॉक्टरीणबाई माझ्यातून सावकाश पाहू लागल्या. एका वळणावर, घडीच्या आडोशाला, फिकट व्रण दिसला. त्याला चिकटून मसुराच्या दाण्याएवढा कोंब.

"मागच्या वेळी थोडा राहून गेला असणार," बाई म्हणाल्या. "तोच वाढलाय."

त्यांनी माझ्यातून तारेचा फास आत सोडला. व्रणामुळे जागा कडक झाली होती, फास पहिल्यांदा निसटला. "भोवतीचं थोडं चांगलं अस्तरही येऊ दे," म्हणत त्यांनी तो पुन्हा बसवला आणि आवळला. कोंब सुटून आला. सिस्टरांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "पाणी मारा."

जागा धुतली. माझी काच धुतली. मी जुनी खरी, पण त्या क्षणी जिवाचे डोळे केले. डाव्या काठावर खसखशीएवढा खडबडीत कण उरला होता! बाईंनी तोही फासात धरला, पुन्हा पाणी मारलं आणि सगळा काठ गोल फिरून पाहिला. गुलाबी, गुळगुळीत, स्वच्छ. काढलेलं सगळं तपासायला पाठवलं.

अहवाल घ्यायला भाऊ-बहीण आले तेव्हा माझ्या कपाटाचं दार उघडंच होतं.

"कर्करोग नाही," बाई म्हणाल्या.

बहीण हसू लागली. हसता हसता तिला रडू फुटलं.

"म्हणजे मी सुटलो?" काकांनी विचारलं.

"आज तरी काही उरलेलं नाही. पण सांगितलेल्या वेळी पुन्हा यायचं. ती जागा मला परत बघायची आहे."

"येईल कसा नाही! कान धरून आणते," बहीण डोळे पुसत म्हणाली.

मित्रांनो, माझा दिवा आता मंद होत चाललाय, तरी त्या दिवसाचं समाधान पुरून उरलं आहे. तुमच्या घरात कुणी लाजेपोटी ही तपासणी टाळत असेल, तर त्यांचा हात धरून घेऊन या. पोट नीट साफ करून या, म्हणजे माझ्या नजरेआड काही राहणार नाही. माझ्यासारखीला प्रत्येक वेळी निगुतीने धुवा. आणि कुठलंही काम संपलं असं वाटलं, की उठण्याआधी एकदा काठ बघा.