आतले टाके

घरी आल्यापासून तिने सगळ्यांत जास्त धास्ती घेतली होती ती शिंकेची. नाकात जरा हुळहुळलं की हातातलं टाकून ती उशी शोधायची आणि पोटाशी घट्ट आवळून धरायची. खोकताना, शिंकताना पोटाला आधार द्या, असं दवाखान्यातून निघताना नर्सने बजावलं होतं. आणखीही पुष्कळ काही सांगितलं होतं, पण तिच्या डोक्यात घर करून बसलं ते एकच: भरलेली किटली उचला, त्याहून जड काही नाही.

गर्भाची पिशवी काढली होती, पण दुर्बिणीतून. पोटावर चार बारीक खुणा, मटारच्या दाण्याएवढ्या. भेटायला येणाऱ्या नात्यातल्या बायका म्हणायच्या, "आमच्या वेळी पोट उभं चिरायचे. तुझं बाई बरं, चुटकीसरशी झालं." ती मान डोलवायची. बाहेरच्या टाक्यांची तिला फिकीर नव्हतीच. भीती होती ती आतल्यांची.

टाके हा तिचा धंदाच होता. घराच्या पुढच्या खोलीत तिचं पडद्यांचं दुकान. ती शिवायची आणि नवरा गिऱ्हाइकाच्या भिंतीत दांडे ठोकून पडदे चढवून यायचा. शिवण कशी जाते हे तिला कुणी सांगायला नको होतं. एक टाका सुटतो, कुणाला दिसत नाही. मग वजनाने त्याच्या शेजारचा. आणि एके दिवशी नुसता हात लावावा तर सगळी पट्टी चर्रकन उसवते. त्यात एक गिऱ्हाईक विचारपूस करायला म्हणून आलं आणि आपल्या वहिनीचे आतले टाके कसे सुटले, तिला परत टेबलावर कसं घ्यावं लागलं, हे चवीचवीने सांगून गेलं. वर, "तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस," असंही म्हणालं.

रिपोर्ट चांगला आला होता. वाईट काही निघालं नव्हतं. गेली कित्येक वर्षं निम्मा महिना रक्तात जायचा, तेही संपलं होतं. खरं तर तिने आता सुटकेचा निःश्वास टाकायचा. पण मन चिंती ते वैरी न चिंती. कुशीवर वळताना आत काही ओढल्यासारखं झालं की ती जागच्या जागी थांबायची आणि कान देऊन बसायची, जणू पोटातून आवाज येणार होता.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. त्यांना सगळे नाना म्हणत. नानांनी उमेदीची सगळी वर्षं बसस्थानकावरच्या खोक्याएवढ्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या होत्या. निवृत्त झाले तरी आवाज तोच. चहा मागितला तर गल्लीला कळायचं. पण सुनेच्या ऑपरेशनचा विषय निघाला की हेच नाना पेपरात तोंड खुपसायचे. त्यांच्या लेखी ते 'पोटाचं' होतं. शेजारणीने खोदून विचारलं तेव्हा त्यांनी अपेंडिक्स सांगून टाकलं. ही शेजारीण मोटार चालवायला शिकवायची. नवशिक्यांना निभावून नेणारी बाई, तिला असली थाप पचणं कठीणच. पण ती काही बोलली नव्हती.

त्या दिवशी नवरा एका शाळेच्या सभागृहाचे पडदे लावायला गेला होता. निघताना म्हणाला, "नाना, हिला उठू देऊ नका." नानांनी ते फारच मनावर घेतलं, आणि तिथेच घोळ झाला.

सकाळी कुणीतरी पडद्याचे नमुने बघायला आलं. नमुन्यांचं बाड सगळ्यांत वरच्या फळीवर होतं. नानांनी सुनेला हाक न मारता स्टूल ओढलं. आतल्या खोलीत पडल्यापडल्या तिने स्टुलाचा खरखराट ऐकला आणि तिच्या लक्षात आलं की ते बाड मखमलीच्या ताग्याखाली दबलेलं आहे. ती दारात आली तेव्हा नाना चवड्यांवर उभे राहून बाड ओढत होते आणि तागा हळूहळू फळीच्या कडेवर येत होता. नेहमी दोघांनी धरून उतरवायचा तो तागा.

तिने विचार केला नाही. पुढे होऊन दोन्ही हात वर केले आणि तागा डोक्यावर येता येता तोलला.

"नाना, उतरा खाली. सावकाश."

नाना उतरले. मग तिने तागा अंगावरून घसरवत जमिनीवर सोडला.

"लागलं का गं तुला?"

"नाही."

आणि तेव्हा ते खरंही होतं. दुखलं नाही, काही नाही. गिऱ्हाईक ओशाळून, नंतर येतो म्हणून निघून गेलं. ती परत जाऊन पडली आणि वाट बघू लागली. जेवण झालं, दुपार कलली. आता काही होत नाही असं तिने स्वतःला पटवत आणलं होतं, तेवढ्यात तिला गरम, ओलं लागलं.

न्हाणीघरात जाऊन पाहिलं तर ताजं, लाल रक्त. ती तिथेच कमोडच्या झाकणावर बसली. नवऱ्याला फोन केला. घंटी वाजत राहिली. शिडीवर असेल, हातात ड्रिल असेल. पुन्हा केला. पुन्हा तेच. डोळ्यांपुढे ती कुणाची कोण वहिनी आली, जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं.

"सूनबाई, बराच वेळ झाला. बरं आहे ना?" दाराबाहेर नाना.

"नाना, रक्त जातंय."

"कुठून?"

"खालून."

ती दाराकडे बघत राहिली. मनात आलं, आता हे पेपर उघडून बसतात की काय.

"दवाखान्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय," ती म्हणाली. "तुम्हीच लावा. मला इथून उठवत नाही."

तिला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "हां, नमस्कार. आमच्या सुनेचं पोटाचं ऑपरेशन झालंय तुमच्याकडे." मग थोडं थांबून, "पोटाचं हो." मग पुन्हा थांबून, "पोटात पुष्कळ काही असतं हे मलाही कळतं."

नाना खाकरले. आणि मग तो आवाज आला, ज्याच्यावर कधीकाळी सगळं स्थानक आपापलं सामान उचलायचं.

"गर्भाशय काढलंय. दुर्बिणीतून. आज जड ओझं हातात घेतलं. आता योनीमार्गातून रक्तस्राव होतोय. रंग लाल. काय करायचं ते सांगा."

खिडक्या सताड उघड्या होत्या.

पलीकडची नर्स प्रश्न विचारत होती आणि नाना ते दाराशी येऊन जसेच्या तसे पोचवत होते. पॅड पूर्ण भिजलं का? गाठी पडतायत का? चक्कर येते का? ताप? ती आतून उत्तर द्यायची, ते फोनमध्ये सांगायचे. त्यांचा आवाज एकदाही अडला नाही. शेवटी म्हणाले, "लगेच घेऊन या म्हणतात. आणि तोपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही."

पाणी नाही म्हणजे काय, ते तिला बरोबर कळलं. पुन्हा भूल, पुन्हा टेबल.

रिक्षा शोधायला नानांनी दार उघडलं तर शेजारीण किल्ली घेऊन उभी. "गाडी दारात आहे," ती म्हणाली. "अपेंडिक्सचं मागाहून बोलू."

शिकवणीची गाडी ती. शिकवणारा बसतो त्या बाजूलाही पायाशी एक ब्रेक. नाना तिथे बसले. सून मागच्या सीटवर गुडघे दुमडून आडवी झाली. रस्त्यात गतिरोधक किती आहेत ते तिला त्या दिवशी कळलं. पण प्रत्येक गतिरोधकाच्या आधी गाडी अशी हलकी व्हायची की धक्का म्हणून बसायचा नाही. थोड्या वेळाने शेजारीण म्हणाली, "नाना, ब्रेक तुम्ही दाबताय की मी?"

"दोघं मिळून दाबू," नाना म्हणाले.

दवाखान्यात लगेच आत घेतलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरबाईच होत्या. त्यांनी तपासायला घेतलेला वेळ तिला संपता संपेना. ती छताकडे बघत होती आणि बाईंच्या श्वासावरून अंदाज बांधत होती.

"टाके जागेवर आहेत," बाई म्हणाल्या. "विरघळायला लागलेत, त्यात तुम्ही ताण दिलात. कडेला एक बारीक जागा पाझरतेय. औषध लावलंय."

"उसवले नाहीत?"

"नाहीत."

"एखादा सुटला असेल, दिसत नसेल. शिवण आधी अशीच जाते, बाई. मी पडदे शिवते."

बाईंनी हातमोजे काढले आणि तिच्याजवळ बसल्या. "हे कापड नव्हे. कापड स्वतःहून जुळत नाही. हे जुळतंय, मी आत्ता पाहिलं. संध्याकाळपर्यंत इथे थांबा. रक्त कमी झालं तर घरी जा."

नवरा आला तेव्हा त्याच्या केसांत भिंतीची पांढरी भुकटी तशीच होती. फोनवरचे कॉल बघून त्याने नानांना फोन लावला आणि शिडीवरून उतरला तो थेट इथे आला. "कुणी सांगितलं होतं तागा धरायला?" तो तिच्यावरच डाफरला.

"ओरडायचं तर माझ्यावर ओरड," नाना म्हणाले. "स्टुलावर मी चढलो होतो."

त्याने दोघांकडे पाहिलं. मग तिचा हात हातात घेऊन बसून राहिला.

संध्याकाळपर्यंत रक्त नुसत्या डागावर आलं. तिला घरी जाऊ दिलं. शेजारीण गाडी घेऊन थांबलीच होती, नवरा आपल्या स्कूटरवर मागून निघाला. वाटेत औषधाच्या दुकानाशी नानांनी गाडी थांबवायला लावली. ते काउंटरपाशी गेले आणि त्यांचा आवाज काचेतून आत ऐकू आला: पॅड द्या, बाईचं ऑपरेशन झालंय, त्याला चालतील असे. दुकानदाराने कुठले म्हणून विचारलं असावं, कारण नाना परत आले ते चार तऱ्हांची पाकिटं घेऊन. "मला त्यातलं कळत नाही. तू निवड," म्हणत त्यांनी पिशवी मागे दिली. तिला हसू आलं आणि पोट दुखलं. दोन्ही हातांनी पोट धरून ती हसत राहिली, आणि हसताहसताच रडू लागली. शेजारणीने आरसा वर वळवला आणि समोर बघत गाडी चालवली.

भीती काही एका दिवसात गेली नाही. डाग तपकिरी झाला, फिका झाला, मग दिसेनासा झाला, तरी ती न्हाणीघरात जाऊन बघायची. कधी बघून झाल्यावर पुन्हा बघायची. नाना बाहेर पेपर वाचत असायचे. ती बाहेर आली की पेपर खाली घ्यायचे.

"काही नाही ना?"

"काही नाही, नाना."

"बरं," म्हणायचे आणि पान उलटायचे.