तिसऱ्या शिफ्टचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. पण जुना म्हणून मला कुणी 'बिचारा' म्हटलेलं मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म १९६३ सालचा. पिंपरीच्या एका कंपनीत परदेशातून भलंमोठं मशीन आलं, ते ज्या लाकडी खोक्यातून आलं त्याच्या फळ्यांचा मी. कंपनीने फळ्या मुलींच्या शाळेला देऊन टाकल्या आणि ज्योतीराम सुताराने दोन दिवसांत मला ठोकून उभं केलं. माझ्या पोटावर इंग्रजीत छापलं आहे, 'ही बाजू वर', आणि ती बाजू जन्मभर खाली आहे. आता बोला! वर्गातले सागवानी बाक मला बघून नाक मुरडायचे. म्हणून की काय, मला वर्गात जागा मिळालीच नाही. व्हरांड्यात, सुमनताईंच्या खोलीबाहेर मला ठेवलं आणि मी तिथलाच झालो.

सुमनताई इंग्रजी शिकवायच्या. पण कुणाचं गणित अडलं, कुणी डबा न आणता आली, कुणी डोळे सुजवून आली, की ती मुलगी ताईंच्या खोलीकडे यायची आणि आधी माझ्यावर बसायची. ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "वडील कुठल्या शिफ्टला आहेत?"

तुम्हाला हसू येईल, पण त्या एका प्रश्नात सगळं घर कळायचं. आमच्या मुलींचे वडील कंपन्यांमधले कामगार. आठवडाभर पहिली शिफ्ट, मग दुसरी, मग तिसरी. तिसरी म्हणजे रात्रभर काम करून सकाळी घरी यायचं आणि दिवसा झोपायचं. घर एका खोलीचं. बाप झोपला की भांडं वाजवायचं नाही, खोकायचंसुद्धा तोंडावर पदर धरून. तिथे पोरीने धडा मोठ्याने वाचायचा कुठे? म्हणून शाळा अकराची असली तरी ताई आठलाच येऊन बसायच्या. ज्यांचे वडील त्या आठवड्यात तिसऱ्या शिफ्टला, त्या मुली माझ्यावर बसून घसा फोडून वाचायच्या. एकीचा इतिहास, दुसरीच्या कविता, तिसरीचे पाढे, नुसता गलका! माझे कान किटायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

१९६८ साली प्रभावती ओव्हाळ आली. अकरावीत होती, म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. सहामाहीत चार विषयांत नापास. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सुधारणा दिसली नाही तर परीक्षेचा फॉर्म देणार नाही." आणि फॉर्म मिळाला नाही तर तिच्या आईने, सरूबाईने, चिंचवडला बाटल्या पॅकिंगचं काम बघून ठेवलं होतं.

ताईंनी पुस्तक हातात दिलं. "वाच."

प्रभावतीचे ओठ हलले. ती माझ्या टोकाला बसली होती, तरी मला काही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने वाच गं."

"मोठ्यानेच वाचतेय ना, ताई," ती म्हणाली. तेही ताईंना तिच्या ओठांवरूनच समजलं असावं.

मित्रांनो, मी तेव्हा हादरलो. त्या पोरीला खरंच वाटत होतं की तिचा आवाज येतोय! सहा वर्षं घरात सगळी कुजबुजत होती. बापाची शिफ्ट बदलली तरी कुजबुजण्याची सवय काही बदलली नव्हती. वर्गातही तसंच. प्रश्न विचारला तर हिचं उत्तर कुणाला ऐकू जायचं नाही, आणि काही समजलं नाही तर विचारायला आवाजच नाही. सगळ्यांनी मिळून तिला ढ ठरवून टाकलं होतं.

ताईंनी शक्कल काढली. आमच्या गिरजाबाई पिंपळे गुरवहून चालत यायच्या, शाळा झाडायच्या, हौद भरायच्या. ताईंनी त्यांना हौदापाशी उभं केलं. प्रभावतीने इथून वाचायचं आणि ऐकू आलं तर गिरजाबाईंनी हात वर करायचा.

"न्हाई आलं!" गिरजाबाई तिकडून ओरडायच्या. "अगं, दोन दिस जेवली न्हाईस काय? जोर लाव की!"

दीड महिना रोज सकाळी हेच. पोर लाजेने लाल व्हायची, माझी कड नखाने कुरतडायची. ती खूण अजून आहे. मी मनात म्हणायचो, ओरड गं बये, तुझ्यापायी आमचं घोडं अडलंय. आणि एक दिवस इंग्रजीच्या धड्यातलं एक वाक्य तिच्या तोंडून असं काही फुटलं की हौदावरचे कावळे उडाले. "आलं गं माझे आई, आलं!" गिरजाबाईंनी दोन्ही हात वर केले. ताई खोलीतून बाहेर धावत आल्या. प्रभावती मात्र चटकन तोंडावर हात ठेवून इकडेतिकडे बघू लागली, कुणी जागं झालं की काय म्हणून.

पण फॉर्म मिळणार नाही असं मोठ्या बाईंचं पत्र तोवर घरी गेलं होतं. जानेवारीतल्या एका सकाळी तिचे वडील साहेबराव ओव्हाळ कंपनीच्या खाकी कपड्यांत, रात्रपाळी करून तसेच शाळेत आले. प्रभावती त्यांच्या मागे. आदल्या संध्याकाळी घरात ठरलं होतं, आज नाव काढायचं आणि सोमवारपासून पॅकिंगला जायचं. मोठ्या बाई साडेदहाला येणार होत्या. साहेबराव माझ्यावर बसले आणि पाच मिनिटांत पेंगून त्यांची मान खाली गेली.

प्रभावती दुसऱ्या टोकाला बसली. शेवटचं म्हणून असेल, तिने पुस्तक उघडलं. एक ओळ चांगली खणखणीत वाचली. मग बापाकडे लक्ष गेलं आणि आवाज बंद. पुन्हा नुसते ओठ हलायला लागले. दीड महिन्याची मेहनत एका क्षणात पाण्यात! मला असा राग आला म्हणून सांगू, हलता आलं असतं तर मीच दोघांना खाली पाडलं असतं.

तेवढ्यात ताई आल्या. "थांबलीस का? वाच."

प्रभावतीने ओठांवर बोट ठेवून वडिलांकडे दाखवलं.

"वाच की गं," साहेबराव डोळे न उघडताच म्हणाले.

ती दचकली. "आबा, तुम्ही झोपला होता ना?"

"झोपलोच हुतो. तू गप झालीस तवा जागा झालो."

"म्हणजे?"

साहेबरावांनी डोळे चोळले. "अगं, रात्रभर मशिनीच्या धडधडीत असतो मी. जेवायच्या सुट्टीत तिथंच भिंतीला टेकून डोळा लागतो माझा. आवाजानं मला काय हुतंय? घरीच झोप येत न्हाई. समदं चिडीचूप. पडल्या पडल्या छताकडं बघत ऱ्हातो."

"मग कधी सांगितलं का नाही?" प्रभावतीचा आवाज चढला. तो हौदापर्यंत गेला असणार, कारण गिरजाबाई झाडू घेऊन तिथेच थांबल्या. "आई आम्हाला हूं का चूं करू देत नाही! धाकट्याला हसला म्हणून मार बसलाय, आबा!"

साहेबराव हातातली टोपी फिरवू लागले.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "मी दारात आलो की तुमी समदी बोलायचं थांबता. मी गेलो की बोलत असाल. म्हंजी माझ्यावरच कायतरी राग हाय. मग कुणाला इचारू?"

मित्रांनो, त्या घरात कुणाचाच गुन्हा नव्हता. नवऱ्याला झोप मिळावी म्हणून सरूबाईने घर मुकं केलं, आणि त्या मुक्या घरात तो माणूस सहा वर्षं एकटा पडून राहिला. आणि पोरीचा आवाज गेला. ताईंनी चष्मा काढून पुसला.

साडेदहाला साहेबराव मोठ्या बाईंसमोर उभे राहिले. "नाव काढू नका," म्हणाले. "येक डाव तिचं वाचन ऐका." मोठ्या बाईंनी पुस्तक दिलं. प्रभावतीने वाचलं. मी इकडे ताईंच्या खोलीबाहेर होतो, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. फॉर्म मिळाला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी तिची वाट पाहिली. ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ताई फडक्याने मला पुसत म्हणाल्या, "घरी वाचत असेल." त्यांच्या बोलण्यात आनंद होता आणि थोडंसं काहीतरी हरवल्यासारखंही होतं. मला तर सरळ सरळ वाईट वाटलं. मी लाकडाचा असलो तरी थोर मनाचा वगैरे नाही. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा ती फाटकातूनच ओरडत आली, "ताई, पास! सगळ्या विषयांत पास!" ताईंच्या पाया पडली, गिरजाबाईंच्या गळ्यात पडली आणि धावत परत गेली. माझ्यावर टेकलीसुद्धा नाही.

पुढे सुमनताई निवृत्त झाल्या. मॅट्रिक अकरावीचं दहावीवर आलं. शाळेला नवी इमारत झाली. तिथे एका खोलीवर 'विद्यार्थिनी मार्गदर्शन कक्ष' अशी सुरेख पाटी आहे आणि खाली कुलूप आहे. मला त्या दारासमोर ठेवलं आहे. आता सकाळी आठला इथे कुणी येत नाही. माझा एक पाय डुगडुगतो. पाहुणे आले की शिपाई माझ्यावर सतरंजी टाकतो, पाहुणे गेले की काढून घेतो.

गेल्या आठवड्यापासून नववीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्यावर येऊन बसते. डबा उघडत नाही. कुणाशी बोलत नाही. मैत्रिणी हसत खिदळत समोरून जातात, मास्तरीणबाई तिला 'सरळ बस' म्हणून पुढे जातात. तिच्या घरी काय आहे, मला ठाऊक नाही. मित्रांनो, मला रंग लावू नका, माझा पाय दुरुस्त केला नाहीत तरी चालेल. पण तिच्या शेजारी जागा आहे. मला तिला काही विचारता येत नाही. तुम्हाला येतं.