ब्रेक सोडा

नंदकुमार परबांना दिशाचं फार कौतुक होतं, आणि सगळा घोळ तिथेच झाला. वाकोल्याच्या चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत वाढलेली ही पोर आता त्यांच्याच लिफ्ट कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात, नव्या मेकॅनिकांसाठी ट्रेनिंगचे धडे तयार करायची. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं कशी बाहेर काढायची, हा तिचा पहिलाच धडा. तो तपासायचं काम साहेबांनी परबांवर टाकलं, कारण त्यांची उभी हयात मशीनरूममध्ये गेली होती.

"काका, बिनधास्त चुका काढा हां," दिशा म्हणाली होती. "मला वाईट नाही वाटणार."

खरंच नसतं वाटलं. पण वाटेल, हे परबांनीच परस्पर ठरवून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मोबाइलवर धडा पाहिला. चित्रं सुबक, आवाज गोड. एका जागी मात्र ते थबकले. धड्यात म्हटलं होतं, 'ब्रेक सोडा.' म्हणजे दांडा दाबा, ब्रेक उघडेल, मग जोडीदार हाताने चाक फिरवून लिफ्ट मजल्यावर आणेल. चूक काहीच नव्हती. पण मशीनरूममध्ये चाकावरचा माणूस 'सोड' म्हणून ओरडतो, तेव्हा त्याला दांडा सोडायला सांगायचं असतं. दांडा सुटला की ब्रेक लागतो आणि लिफ्ट जागीच थांबते. शब्द एकच, अर्थ पार उलटा.

परबांना ते खटकलं. पण पोरीने इतकं मन लावून केलंय, एका शब्दावरून कशाला कीस काढायचा? साइटवर शिकतील आपोआप. त्यांनी 'झकास' लिहून पाठवून दिलं, वर अंगठाही चिकटवला. दिशाने दुसऱ्या दिवशी पेढे वाटले, आणि परबांनी ते आवडीने खाल्ले.

पुढे मुलुंडच्या एका सोसायटीत लिफ्ट अडकली. आत दोन बायका. चाकावर भीमराज, परबांचा जुना जोडीदार. दांड्यावर नुकताच तो धडा शिकून आलेला हर्षद. लिफ्ट वर ओढ घ्यायला लागली, चाक भीमराजला आवरेना. "सोड, सोड," तो ओरडला. हर्षदने धड्यात शिकवल्याप्रमाणे ब्रेक सोडला, म्हणजे दांडा आणखी जोरात दाबला. चाक गरकन फिरलं. बायकांचं धक्क्यावर निभावलं, भीमराजच्या मनगटाचा मात्र चुरा झाला.

परब हॉस्पिटलात गेले, तर बाहेरच्या बाकावर हर्षद रडवेला होऊन बसलेला. "ते सोड म्हणाले, मी सोडला ना काका," हेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. परबांना त्याच्याकडे बघवेना.

आत भीमराज म्हणाला, "पोराला बोलू नको हां नंदू. पण हे त्याला शिकवलं कुणी रे?"

"बघतो," परब म्हणाले. खरं काय ते जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

सकाळी मात्र ते थेट दिशाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. रडून तिचे डोळे सुजले होते. "दिशा, तो शब्द मला तेव्हाच खटकला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं मन कशाला मोडायचं, म्हटलं."

तिने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. धडा बदलला होता. आता त्यात फक्त 'दाब' आणि 'थांब' होतं.

"पाठव मला," परब घाईघाईने म्हणाले. "या वेळी शब्दन् शब्द बघतो."

"भीमराजकाकांना दाखवणार आहे मी."

"अगं, त्याचा तर हात…"

"नुसतं बघायचंच तर आहे. चिडतील, शिव्या घालतील, पण चुकलं तर सांगतील." तिच्या आवाजात राग नव्हता, परबांना तेच जास्त लागलं. "तुमचा माझ्यावर खूप जीव आहे काका. म्हणून तुम्हाला नाही विचारत."