‘हो’ म्हणणारा माणूस

खंडेनवमीच्या सकाळी माझी चावी सापडेना, आणि तिकडे एक अख्खा देश तिची वाट बघत होता.

फुगवून सांगतेय असं वाटेल. वाटू दे. चावी म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी बोटभर वस्तू. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर बाहेर पाठवायचं तर ती लॅपटॉपला लावून मी सही करायची. सही नसेल तर गिऱ्हाइकाकडचं यंत्र आमचं सॉफ्टवेअर आत घेतच नाही. आणि आमचं गिऱ्हाईक म्हणजे शेजाऱ्याने रणगाडे घालून तुडवायला घेतलेला एक देश. ड्रोन त्यांना दुसऱ्या कुणीतरी विकले होते. त्या ड्रोनना डोळे आम्ही विकले.

ते डोळे मी लिहिले होते. युद्धासाठी नाही. चेन्नईत पूर आला की छपरांवर अडकलेली माणसं वरून शोधायची, म्हणून. बाई, मूल, म्हातारा, कुत्रं, पाण्यात अर्धी बुडालेली बस, सगळं ओळखायचं ते. मग कंपनीला कळलं की छपरावरचा माणूस जो शोधतो तो खंदकातलाही शोधतो. खंदकातल्या माणसाला भाव जास्त. संपला विषय.

पर्स उलटी केली, गादीखाली पाहिलं, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला फोन करून वॉचमनला माझं टेबल बघायला लावलं. शेवटी सासूबाईंना विचारलं. कनकाअम्मा स्वयंपाकघरात सुंडलच्या उकडलेल्या हरभऱ्यांना फोडणी देत होत्या.

“देवापुढे बघितलंस कां?” त्या म्हणाल्या. “तुझ्या मामनारनी सकाळी घरभर हिंडून सगळ्यांची आयुधं गोळा केली.”

मामनार म्हणजे सासरे. देवापुढे गेले. तिथे, नवरात्रासाठी पायऱ्यांवर मांडलेल्या कोलूच्या बाहुल्यांखाली, माझ्या सासऱ्यांचं व्हर्नियर कॅलिपर, पान्यांचा संच, अम्मांची विळी आणि शिलाई मशीनची कात्री, नवऱ्याचा टॉर्च. (नवरा श्रीहरी रेल्वेत. त्या दिवशी शेडमध्ये इंजिनाची पूजा, तो तिकडे.) आणि मधोमध, झेंडूच्या फुलावर, माझी चावी. तोंडापासून बुडापर्यंत चंदन, वर कुंकवाचा टिळा. पूजा होऊन गेलेली.

“अप्पा, ही का घेतलीत?”

सासरे व्यासराज सोवळं नेसूनच पेपर वाचत बसले होते. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बाहेर तमिळ, घरात तंजावरची मराठी. पंचाहत्तरी उलटली तरी आवाज कारखान्यातलाच.

“लॅपटॉप घेणार होतों. तूच मणालीस परवा, लॅपटॉप कुणाचाही चालतो, चावी माझीच लागते. मणजे आयुध तें कीं नाहीं? लॅपटॉप नुसती पेटी.”

या माणसाशी वाद घालायची सोय नाही. बरोबरच बोलतो.

“मला आज लागणार आहे ती.”

“आज कशी मिळेल? नवमीला ठेवलेलं आयुध दशमीला पुनःपूजा झाल्यावर उचलायचं. आमच्या कारखान्यात लेथसुद्धा कुणी लावत नव्हतं. एकाहत्तरला लढाई तोंडावर होती तरी नाहीं, विचार कुणाला पण.”

आणि मला आनंद झाला. कारण आठवडाभर माझ्या घशात एक हाड अडकलं होतं. आजवर आमच्या डोळ्यांचं ड्रोन काहीतरी शोधायचं, चित्र मागे पाठवायचं, आणि तिथे बसलेला एक माणूस बघून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचा. ‘हो’ आलं तरच ड्रोन झडप घालायचं. आता गिऱ्हाइकाला तो माणूस काढून हवा होता. शत्रू सिग्नल तोडतो, ‘हो’ पोहोचत नाही, ड्रोन मातीत पडतं आणि रणगाडा पुढे येतो. म्हणून यंत्रानेच बघावं, यंत्रानेच ठरवावं. तसं बनवून तयार होतं. फक्त माझी सही बाकी होती. नाही म्हणायची छाती होत नव्हती आणि हो म्हणवत नव्हतं. आता देवीनेच चावी धरून ठेवली. माझं काय जातंय.

मी मॅनेजरला फोन लावला. मकरंद पुण्याचा, माझ्या आधी दोन वर्षं चेन्नईत आलेला, अजून तमिळमध्ये फक्त रिक्षावाल्याशी भांडता येतं त्याला.

“चावी पूजेत आहे. उद्या उचलू.”

तो म्हणाला, “मधुवंती, तू चेष्टा करतेयस.”

“नाही रे. चंदन लागलंय.”

“तिथे रात्रीपासून हल्ला सुरू आहे. आणि तू मला चंदन सांगतेस?”

“घरचे ऐकत नाहीत.”

“येतो मी.”

तो खरंच आला. रस्त्यात जागोजाग फुटलेले कोहळे, गाड्यांना बांधलेले केळीचे खुंट, त्यातून वाट काढत अड्यारला आमच्या घरी पोहोचला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. दारातच लॅपटॉप उघडून म्हणाला, “गिऱ्हाइकाचा कर्नल लाइनवर आहे. तूच सांग त्याला चंदनाचं.”

पडद्यावर एक दाढी वाढलेला माणूस. मागे तळघराची भिंत, कुणीतरी खोकत होतं. त्याने मला नमस्कार केला. नमस्कार, हात जोडून. मला कसंतरीच झालं.

अप्पा उठून उभे राहिले. “कोण हे?”

मकरंदने सांगितलं. भराभर सांगितलं, पण खोटं काही सांगितलं नाही. कुणी कुणावर चढाई केली, गावं कशी जाळली, ड्रोन का लागतात, ‘हो’ का पोहोचत नाही. “काका, यांची पोरं मरतायत. एवढी एक चावी उचलून द्या. हात जोडतो.”

मी मनात म्हणत होते, आता अप्पा याला पुनःपूजेचे नियम ऐकवणार आणि लिफ्टपर्यंत पोहोचवून येणार.

अप्पांनी विचारलं, “दुसऱ्याच्या घरात शिरला तो कोण? हे कीं ते?”

“ते. हे आपल्या घरातच लढतायत.”

“नक्की?”

“जगाला माहितेय, काका.”

अप्पा देवाकडे गेले. मी बघतच राहिले. देवीला नमस्कार केला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, चावी उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्या हातात ठेवली.

“अप्पा, नवमी आहे.”

“पाप मला लागेल. मी बघून घेईन तिच्याशी.” त्यांनी देवीकडे बोट केलं. “घरात दरोडा पडलाय आणि आयुध पूजेत ठेवायचं? ती काय मणेल? पाठव मा. लवकर.”

अम्मा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “पन्नास वर्षं मला विळीला हात लावू दिला नाही यांनी नवमीला.”

कुणी हसलं नाही.

चावी अजून चिकट होती. माझ्या हातात. आता देवी नाही, सासरा नाही, रीत नाही. मीच. जो तो माझ्याकडे बघत होता.

“मी याच्यावर सही करणार नाही,” मी म्हटलं.

मकरंदने डोळे मिटले. “का?”

“बस आणि रणगाडा यात ते चुकतं. नेहमी नाही. धुरात, तिरप्या उन्हात, वर ताडपत्री असली की. मी लिहिलंय, मला माहितेय. आज चुकलं तर बघणारा माणूस ‘नाही’ म्हणतो आणि बस वाचते. तो माणूस काढला की बस गेली.”

“माणूस चुकत नाही?”

“चुकतो. पण मग कुणीतरी चुकलेलं असतं. झोप उडते त्याची. खटला भरता येतो त्याच्यावर. यंत्राला कुठल्या कोर्टात उभं करणार? तुला करू? मला?”

“यांचं युद्ध न्यायाचं आहे की नाही, एवढं सांग.”

“आहे. शंभर टक्के आहे. म्हणून काय वाटेल ते करायची चिठ्ठी मिळाली का?”

अप्पा भडकले. “काय बोलत्येस तूं? त्यांची पोरं मरतात आणि तुला ताडपत्री दिसते. आम्ही रणगाडे केले ते काय खेळायला? युद्ध मणजे मरणार माणसं. चुकून पण मरणार. ज्याला नको त्याने दुसऱ्याच्या घरात शिरूं नये.”

“तुमचा रणगाडा आपला आपण गोळा टाकायचा का, अप्पा?”

“कसा टाकेल? कमांडर सांगेल, गनर टाकेल.”

“आत बसून?”

“मग काय बाहेर उभं राहून?” असं म्हणाले आणि थांबले. मग रागातच म्हणाले, “आत. आत बसून. गोळा लागला तर तो पण आतच जळायचा. आम्ही पत्रा जाड करायचों तें त्याच्यासाठींच.” आणि खुर्चीत बसले. “मला असलं विचारूं नको.”

कर्नलला मराठी कळत नव्हती, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. तो इंग्रजीत म्हणाला, “बाई, तुम्ही नकार देताय का?”

मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला. मकरंदने अडवायला हात पुढे केला, मग मागे घेतला. तेवढा तो सभ्य आहे.

“कर्नल, माझ्याकडे दुसरं एक आहे,” मी म्हटलं. “तुम्ही मागितलं नव्हतं. तुमचा माणूस सिग्नल तुटायच्या आधीच पडद्यावर बोट ठेवेल, हाच रणगाडा म्हणून. मग सिग्नल तुटला तरी ड्रोन फक्त त्याच रणगाड्याच्या मागे जाईल. दुसऱ्या कशाच्याही नाही. तो दिसेनासा झाला तर ते शेतात पडेल.”

“हे मला माहीत आहे,” तो म्हणाला. “नको म्हटलं होतं मी. का, ठाऊक आहे? सिग्नल लांबून तुटतो. एवढ्या आधी बोट ठेवायचं तर माझ्या माणसाला पुढे जावं लागेल. खूप पुढे. जिथे तोफा पोहोचतात.”

“हो.”

“म्हणजे तुम्ही मला सांगताय, माझी पोरं अजून पुढे पाठवा.”

खाली कुणीतरी नवीन स्कूटरचा हॉर्न सारखा वाजवून बघत होतं.

“हो,” मी म्हटलं. “मारणाऱ्याने दिसेल इतकं जवळ जावं.”

त्याने मला शिवी दिली. कुठल्या भाषेत ते कळलं नाही, शिवी होती एवढं कळलं. मग इंग्रजीत म्हणाला, “तुमच्या मागे फुलं दिसतायत मला. बाहुल्या मांडल्यात. तिथे बसून तुम्ही माझ्या पोरांना पुढे पाठवताय. तुमचं कुणी आहे का सैन्यात?”

“नाही.”

“मग कुठल्या तोंडाने बोलता?”

मी म्हटलं, “बोलायचा हक्क नाही मला. पण सही माझी आहे. तुमच्याकडे खाली बसमध्ये कोण बसलंय ते मला दिसत नाही आणि माझ्या यंत्राला कळत नाही. कुणाला तरी दिसायला पाहिजे. तुमचा माणूस बघेल आणि ‘हो’ म्हणेल. ते मी पाठवते, आत्ता. दुसरं पाठवणार नाही. ज्यांनी तुमच्या गावात रणगाडे घातले त्यांचा मला तुमच्याइतकाच राग आहे. पण त्यांच्यासारखं व्हायला मदत करणार नाही.”

मकरंद मराठीत, हळू आवाजात म्हणाला, “उद्या तुझी चावी बंद करतील. दुसऱ्याच्या नावाची काढतील. तो करेल सही.”

“करू दे. त्याचं नाव लागेल.”

“म्हणजे तू नुसतं स्वतःचं नाव वाचवतेयस.”

बोचलं. बरोबर जागी बोचलं. “असेल,” मी म्हटलं. “आणि एक दिवसही वाचवतेय. आज पूजेची सुट्टी, चावी बनवणारा त्याच्या गावी. आजच्या दिवसात जी बस त्या रस्त्याने जाईल ती तरी वाचेल.”

“आणि पुढे जाऊन मरेल तो पोरगा?”

“तो माझ्या डोक्यावर. लिहून घे.”

कर्नल खाली बघत होता. खोकणारा माणूस आता खोकत नव्हता. कुणीतरी येऊन त्याच्या कानात काही सांगितलं, त्याने मान हलवली, आणि पडद्यात तोंड घालून म्हणाला, “पाठवा. नसल्यापेक्षा बरं. पण मी रोज तुम्हाला शिव्या देईन.”

“द्या.”

“जो पहिला मरेल त्याचं नाव कळवीन.”

“कळवा. वाचीन मी.”

चावी लावली. चंदनामुळे पहिल्यांदा घेईचना. मकरंदने, काय वाटलं त्याला कोण जाणे, माझ्या हातातून घेतली, फुंकर मारली, शर्टाच्या टोकाने कोपरा पुसून परत दिली. दुसऱ्यांदा लागली. सही केली. निळी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. पलीकडून एकच शब्द आला, “मिळालं.” पडदा काळा झाला.

अम्मांनी मकरंदच्या पुढ्यात सुंडलची वाटी आणि पोरी-कडलै, म्हणजे चुरमुरे-डाळं, ठेवलं. तो उभ्यानेच खायला लागला, भुकेला होता बिचारा. अप्पा माझ्याशी बोलत नव्हते. पेपर उलटा धरला होता की सुलटा, त्यांनाच माहीत.

“अप्पा, तुम्ही पाठवलं असतंत ना?” मी विचारलं.

“होय.” वर न बघता.

“चुकले मी?”

“मी तुला चुकलीस मणणार नाहीं. बरोबर पण मणणार नाहीं. त्या पोराची आई मणेल काय तें.”

जन्मात पहिल्यांदा मी कुणाच्या तोंडावर ‘नाही’ म्हटलं होतं आणि त्या ‘नाही’ची किंमत दुसरा कुणीतरी चुकवणार होता. ज्याला हे सोपं वाटतं त्याने माझ्या जागी बसून दाखवावं. आणि ज्याला युद्धात सगळं चालतं असं वाटतं त्याने एकदा त्या बसमध्ये बसून बघावं.

मकरंदचा फोन वाजला. त्याने नाव बघितलं आणि घास तसाच राहिला. कंपनीचा मालक. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी हात पुढे केला, त्याने फोन माझ्या तळव्यावर ठेवला.

“बोला सर,” मी म्हटलं. “मकरंदने नाही, मी पाठवलं.”