वीजबिलांचा फोल्डर

वहिनींचा लॅपटॉप नऊ वर्षांचा झाला होता आणि चालू व्हायला अकरा मिनिटं घ्यायचा. बटण दाबून त्या चहा टाकायच्या, चहा पिऊन कप विसळायच्या, तरी पडद्यावरची चकरी आपली फिरतेच आहे. वहिनी मुद्रितशोधक होत्या. लोकांची पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतले ऱ्हस्व-दीर्घ, सांडलेले अनुस्वार, उलटीपालटी झालेली पानं हे सगळं बावीस वर्षं त्यांच्या नजरेखालून जात होतं. आता कागद गेले होते आणि सगळं काम या लॅपटॉपवर आलं होतं.

"काकू, याच्यातल्या सिस्टीमचे अपडेट बंद झालेत आणि नवी सिस्टीम याला झेपणार नाही," दुरुस्तीवाल्याने सांगितलं. "नवाच घ्या."

हे वन्संच्या कानावर गेलं. वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची थोरली बहीण, दोन गल्ल्या सोडून राहणारी. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून त्या मागच्याच वर्षी निवृत्त झाल्या होत्या आणि हाताला काम नसल्यामुळे जरा चिडचिड्या झाल्या होत्या. लग्नाला सव्वीस वर्षं होऊनही वन्सं समोर आल्या की वहिनी नकळत पदर सारखा केल्यासारखा कुर्ता खाली ओढायच्या.

रविवारी सकाळी दहाला वन्सं दोन पेनड्राइव्ह घेऊन हजर झाल्या. "लिनक्स टाकू, फुकट मिळणारी सिस्टीम आहे," त्यांनी जाहीर केलं. "माझ्या लॅपटॉपवर दोन वर्षं आहे. मख्खन चालतो."

"दोघी मिळून बिघडवा," असं म्हणून वहिनींचे यजमान, ज्यांना थोरल्या बहिणीसकट सगळे दादाच म्हणायचे, वर्तमानपत्र घेऊन गॅलरीत जाऊन बसले.

"पण वन्सं, फुकट कसं काय देतात? त्यात काहीतरी मेख असेल."

"मेख कसली? जगभरातले लोक आपापल्या घरी बसून लिहितात. काय लिहिलंय ते कुणीही उघडून वाचू शकतं. चूक दिसली की कळवायची. पटली तर दुरुस्त करतात."

"म्हणजे सगळं जग मुद्रितं तपासतंय म्हणा की," वहिनी म्हणाल्या आणि त्यांना एकदम बरं वाटलं.

आधी लॅपटॉपवरच्या फायली एका पेनड्राइव्हवर काढून ठेवायच्या होत्या. वहिनी स्वयंपाकघरात गेल्या तेवढ्यात वन्संनी ते काम उरकून टाकलं. दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये नवी सिस्टीम होती. तो लावून, सुरू होताना एक बटण दाबून धरल्यावर पडद्यावर निळसर डोंगराचं चित्र आलं. अजून काहीच बसवलेलं नव्हतं, ती नुसती चाचणी होती, पेनड्राइव्हवरूनच चाललेली. तरी खिडक्या झटकन उघडत होत्या, झटकन मिटत होत्या.

"अगं बाई! हाच का तो?" वहिनी म्हणाल्या.

"तोच. म्हातारा नव्हता तो, अंगावर ओझं होतं त्याच्या."

वन्संनी भाषा मराठी निवडली आणि 'स्थापित करा' दाबलं. वहिनी खुर्ची ओढून जवळ आल्या. पहिल्याच पानावर त्यांची नजर अडकली. "'पुर्ण' लिहिलंय. पहिला उकार! पूर्णमधला पू दीर्घ असतो."

"कळव मग त्यांना. आधी हे होऊ दे."

आणखी दोन-तीन पानं गेली. मग प्रश्न आला : डिस्क पुसून टाकायची का? खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं की सर्व फायली कायमच्या नष्ट होतील. वन्संचं बोट बटणाकडे गेलं.

"वन्सं, सगळं काढून ठेवलंय ना?"

"सगळं. कामाची पुस्तकं, फोटो, दादाचे पेन्शनचे कागद. पेनड्राइव्हवर जागा कमी पडत होती म्हणून ती 'जुनी वीजबिलं' तेवढी सोडली. बिलं भरलीत ना? मग कशाला हवीत?"

"थांबा!"

वहिनींचा आवाज एवढा चढला की गॅलरीतलं वर्तमानपत्र खाली झालं. वन्संनी बोट जागच्या जागी रोखलं. वहिनींनी त्यांचं मनगटच धरलं होतं. सव्वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते लक्षात येताच वहिनींनी हात सोडला.

"ती बिलं नाहीत."

"मग काय आहे?"

वहिनींनी गॅलरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "गोष्टी आहेत. मी लिहिलेल्या. त्रेचाळीस." मग घाईघाईने पुढे म्हणाल्या, "जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. आपलं लिहिलेलं कुणाला दाखवायचं धाडस कधी झालं नाही. म्हणून ते नाव दिलं. वीजबिलं या घरात कोण उघडणार?"

"दादा तर नाहीच," वन्सं म्हणाल्या. "एका बोटाचा प्रश्न होता गं. आत्ताच सगळं गेलं असतं."

त्यांनी 'रद्द करा' दाबलं आणि डोंगराच्या चित्रावर परत आल्या. जुनी डिस्क इथूनही उघडत होती, फोल्डर जसाच्या तसा होता. पेनड्राइव्हवर जागा व्हावी म्हणून वन्संनी त्यातले स्वतःच्या सहलीचे दोन व्हिडिओ बिनदिक्कत उडवले, त्रेचाळीस फायली उतरवल्या आणि म्हणाल्या, "आता तू मोज. मग पुढे." वहिनींनी बोट ठेवून एकेक फाइल मोजली. त्यानंतरच डिस्क पुसली, आणि या वेळी बटण वहिनींनी दाबलं.

वीस मिनिटांत सिस्टीम बसली. मग वायफाय सापडेना. वन्संनी लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, नाक खाजवलं आणि शेवटी वहिनींचा मोबाइल केबलने जोडून त्याच्यावरून इंटरनेट घेतलं. हवा होता तो छोटा प्रोग्राम उतरला आणि वायफायच्या रेघा उमटल्या. मराठी कळफलक निवडल्यावर वहिनींनी पहिला शब्द टाइप केला : 'पूर्ण'. दीर्घ ऊकार जिथे हवा तिथे पडला. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला तेव्हा पाऊण मिनिटही लागलं नाही.

जेवणं झाल्यावर वन्सं निघायच्या बेतात होत्या, पण चपला घालेनात.

"एक वाचू देतेस का? एकच."

वहिनींना नाही म्हणता आलं असतं. त्यांनी बटणांच्या दुकानातल्या दोन बहिणींची गोष्ट उघडून दिली आणि स्वतः भांडी घासायला गेल्या. नळ चालू ठेवला, म्हणजे काही ऐकू येऊ नये. तरी हसू ऐकू आलं. चांगलं मोठं, न दाबलेलं. वहिनींनी एकच पातेलं तीनदा घासलं.

वन्सं दारात आल्या तेव्हा त्यांचे डोळे ओलसर होते. "ती धाकटी बहीण शेवटी दुकान सोडते, ते मला पटलं नाही."

"नाही?"

"नाही. पण ती सोडेल असं मला वाटत होतं, म्हणून राग आला." त्यांनी बाही वर सारली आणि विसळलेली भांडी पुसायला घेतली. "दुसरी कधी देतेस?"

वहिनींनी नळ बंद केला. "पुढच्या रविवारी या," त्या म्हणाल्या. "पण दादांसमोर वाचायची नाही हं अजून."

"बरं. घाई नाही."

'पुर्ण'ची चूक वहिनींनी त्याच आठवड्यात कळवली. सोबत आणखी सतरा चुका काढून पाठवल्या.