रेडिएटरच्या हातावर दही

रेडिएटरला अकरावी फासळी फुटली ती मंगळवारी सकाळी, चहा उकळत असताना. आदल्या दिवशी दहाच होत्या. हेमांगीला हे पक्कं ठाऊक होतं, कारण सोमवारीच तिने खाचांमध्ये ओलं फडकं घालून दहाच्या दहा पुसल्या होत्या आणि प्रत्येक खाचेतून कुणाचे तरी केस निघाले होते. नवी फासळी भिंतीकडच्या टोकाला होती. तिच्यावरचा पांढरा रंग अजून ओला होता, आणि दुधावर धरते तशी त्यावर साय धरली होती. हेमांगीने बोट लावलं. साय बोटाबरोबर वर आली.

"शी! काय मेलं हे!" ती म्हणाली, आणि बोट साबणाने तीनदा धुतलं.

घर योंकर्सला, न्यूयॉर्कच्या अगदी डोक्यावर. शंभर वर्षांची विटांची इमारत, चार मजले, लिफ्टचं नाव नाही. तळघरात बॉयलर. त्यातली वाफ नळाने वर यायची आणि घराघरातले लोखंडी रेडिएटर तापवायची. किती तापायचं ते ज्या त्या रेडिएटरच्या मर्जीवर. बाहेर जानेवारीचा बर्फ, आणि हेमांगीच्या घरात देवापुढची मेणबत्ती उभ्याउभ्या वाकायची. भिंती घामेजायच्या. उशा, पडदे, डब्यातल्या पोळ्या, सगळ्याला एकच वास, ओल्या बनियनचा. रेडिएटरच्या कुशीला कुकरसारखी एक छोटी शिट्टी होती. तिच्यातून तो वेळीअवेळी पिवळं पाणी थुंकायचा. खाली तिने स्टीलची वाटी ठेवली होती. वाटी भरली की त्यावर मटणाच्या रश्श्यासारखा तवंग दिसायचा, आणि ती ओतताना हेमांगीला रोज कोरडी ओकारी यायची. बरं, सांगायचं कुणाला? नवऱ्याला?

नवऱ्याला तर सोहळा वाटायचा. हेमांगी पाचगणीची, खिडकी उघडी ठेवून झोपणारी. मुकुंद पिंपळशेंडे चंद्रपूरचा, मे महिन्यात जिथे डांबर चपलेला चिकटून येतं तिथला. या देशात येऊन अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं तो कुडकुडत होता. या घरात आल्यापासून मात्र ऑफिसातून आला की शर्ट काढायचा, बनियनवर रेडिएटरला पाठ टेकायचा आणि डोळे मिटायचा.

"अहो, उठा तिथून. पाठ भाजेल."

"राहू दे ना हेमा. मस्त ऊब येऊन राहिली."

"त्याला अकरावी फासळी आलीय."

"येऊ दे," मुकुंद म्हणाला. "जागा आहे ना भिंतीपर्यंत."

इमारतीची देखभाल दुशान नावाचा माणूस करायचा. साठीचा, एकटा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. हेमांगीने फोन केला तेव्हा तो लगेच आला, पान्याने प्रत्येक फासळीवर एकेक टोला मारला आणि मान हलवली.

"अकरा आहेत," तो म्हणाला. "तुम्ही वॉल्व्हचं चाक अर्धंच फिरवून वॉल्व्ह अर्धा ठेवलाय."

"मंद आचेवर ठेवलाय."

"याला मंद आच नसते. हा एका नळाचा रेडिएटर. वाफ वर येते ती याच नळातून, पाणी खाली परत जातं तेही याच नळातून. पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद करा. अर्धा ठेवला की काय घ्यायचं आणि काय परत द्यायचं, हे त्याला कळत नाही."

"मग तो काय करतो?"

"घेत राहतो," दुशान म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

तिने करून पाहिलं नाही असं नाही. एक दिवस पूर्ण बंद केला. मुकुंदचे ओठ निळे पडले, दोन स्वेटर, मफलर, कानटोपी चढवून तो कोपऱ्यात बसला आणि गार रेडिएटरकडे बघत राहिला, तेच जास्त लागलं. एक दिवस पूर्ण उघडला. त्या दिवशी हेमांगी जेवणाच्या ताटावरून दोनदा उठून ओकायला पळाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मग तिने पुन्हा अर्ध्यावर आणला. हाताला वळणच तसं. दूध, वरण, खीर, नवऱ्याचा राग, सासूबाईंचे फोन, सगळं तिने एकोणीस वर्षं मंद आचेवर ठेवलं होतं आणि एकदाही काही उतू गेलं नव्हतं. संसार काय पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद असा चालतो? या एकट्या माणसाला काय कळतंय त्यातलं!

फासळ्या येत राहिल्या. रोज दोन, एखाद्या दिवशी चार. रेडिएटर खिडकीखालून सरकत सोफ्याच्या मागे गेला, आणि खोली तेवढी लांब झाली. तिला झाडायला पाच मिनिटं जास्त लागायची, तेवढंच.

रविवारी दुपारी मुकुंद म्हणाला, पाठ कशी बसकी वाटतेय, जरा बाम चोळ. ती चोळायला बसली. डाव्या बाजूला बोटं आत गेली. भिजवून विसरलेल्या पोह्यांत जावीत तशी, गारेगार नव्हे, कोमट. तिने हात मागे घेतला. मग दात आवळून पुन्हा घातला आणि चाचपत मोजलं. डावीकडे चार. उजवीकडे चार. बाकी नुसतं मऊ. तिने उठून रेडिएटरच्या मोजल्या. सव्वीस.

"अहो, तुमच्या सोळा फासळ्या त्याच्यात गेल्यात."

"म्हणूनच हलकं हलकं वाटून राहिलं," मुकुंद म्हणाला. त्याचा आवाज हल्ली फुंकरीसारखा येत होता.

हेमांगी तडक वॉल्व्हकडे गेली. चाक घट्ट फिरवायला घेतलं, तोच मागून तो म्हणाला, "पूर्ण नको ना गं. थंडी वाजते." तिने वळून पाहिलं. काय तो चेहरा! कणीक सैल झाल्यासारखा. तिला किळस आली, आणि किळस आली म्हणून स्वतःचीच लाज वाटली. तिने चाक सूतभर उघडं ठेवलं. सूतभराने काय होतंय?

त्यांच्या घरात एक रीत होती, सासूबाईंनी घालून दिलेली. घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, म्हणजे गेलेलं माणूस परत येतं. हेमांगी रोज सकाळी मुकुंदच्या तळहातावर चमचाभर दही घालायची, तो ते चाटायचा आणि ऑफिसला जायचा. एकोणीस वर्षांत तो रोज परत आला होता. या घरात विरजण मात्र तासाभरात आंबायचं, चमच्याला शेंबडासारखी तार सुटायची. तरी ती नाक मुरडून तेच घालायची. मोडायची कशी रीत?

बुधवारी सकाळी तो दाराशी हात पुढे करून उभा राहिला. तिने दही घातलं. तळहात ओल्या रुमालासारखा मधे दुमडला आणि दही कोपरापर्यंत ओघळलं. तो काहीतरी सांगायला गेला. तोंडातून फक्त बारीक शिट्टी वाजली. मग तो चपलांच्या रॅकवर सावकाश खाली बसला, आणि बसतच राहिला, पसरेपर्यंत.

रेडिएटर एकतीस. मुकुंदच्या तीन. तिने मोजलं, गाऊनचा घोळ हाताला गुंडाळला आणि चाक पूर्ण बंद केलं. नवऱ्याला काखेत धरून सोफ्यावर नेलं. तिच्या दंडाला त्याचा ओलावा लागला. तो तिने त्याच्या देखत पुसला नाही, आत जाऊन पुसला.

तिने फोन केला, तसा दुशान हातगाडी घेऊन आला.

"हा काढून न्या," हेमांगी म्हणाली. "मला डोळ्यांसमोर नको."

"याने घेतलेलं याच्यातच राहील."

"न्या म्हटलं ना! दुसरा आणू नका. थंडीने मेलो तरी चालेल."

त्याने नळ सोडवला. नळातून वाडगाभर पिवळं पाणी फरशीवर सांडलं आणि त्याचा वास तिच्या जिभेवर येऊन बसला. एकतीस फासळ्यांचं ते धूड गाडीवर चढवून तो उंबऱ्यापाशी आला, आणि तिथे हेमांगीचा हात आपसूक भिंतीकडच्या फासळ्यांवर गेला. तिसरीवर एक गाठ होती. सुपारीएवढी. चौदाव्या वर्षी मुकुंद मोहाच्या झाडावरून पडला होता, फासळी मोडली होती, आणि सांधली तेव्हा गाठ राहिली होती. एकोणीस वर्षं झोप येईपर्यंत जिच्यावरून बोट फिरवलं ती गाठ. लोखंडाची, पांढऱ्या रंगाची, आणि अजून कोमट.

"थांबा," ती म्हणाली.

ती स्वयंपाकघरात गेली आणि दही घेऊन आली. तार सुटलेलं, पिवळट, दुसरं नव्हतंच. ते तिने वॉल्व्हच्या चाकावर घातलं.

"हे काय?" दुशानने विचारलं.

"आमच्यात घालतात. जाणारा परत यावा म्हणून."

"तुम्हाला हा परत हवाय?"

"हा नकोय. याच्यातलं माझं आहे, तेवढं हवंय."

"तसं अर्धं होत नाही," दुशान म्हणाला. दही त्याने पुसलं नाही. गाडी एकेक पायरी आपटत खाली गेली.

घर पहिल्यांदाच गार झालं. हवेला बर्फाचा वास आला आणि हेमांगीने छाती भरून श्वास घेतला. देवाला दिवा लावला, ज्योत सरळ उभी राहिली. मग ती सोफ्यापाशी येऊन बसली. तीन गोधड्यांखाली मुकुंद सोफ्याच्याच आकाराचा झाला होता. डोळे तेवढे त्याचे होते. ते तिच्याकडे बघत होते. तिने त्याचा हात हातात घेतला आणि सोडला नाही.

दिवेलागण होऊन घटकाभर झाली असेल. खालच्या जिन्यावर लोखंड आपटलं. एक पायरी. मग दुसरी. कुणी घाई करत नव्हतं. पहिला मजला, दुसरा मजला, आणि त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन आवाज दाराशी थांबला. बेल वाजली.

"हेमा, आलो गं," बाहेरून मुकुंद म्हणाला. भरदार, छातीतून आलेला आवाज. लग्नात उखाणा घेताना ज्याने मांडव हलवला होता, तोच. तो आवाज ऐकून हेमांगीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ती दाराशी गेली. साखळी तशीच ठेवून तिने दार उघडलं, चार बोटं. फटीतून एक हात आत आला. रुंद, पांढरा, बोटांवर ओला रंग. तळहातावर दही तसंच होतं. त्यावर साय धरली होती.

"पूर्ण उघड हेमा," बाहेरचा आवाज मायेने म्हणाला. "नाहीतर पूर्ण लाव."

तिने मागे पाहिलं. सोफ्यावरून बारीक शिट्टी वाजली. हो म्हणत होता की नाही, ते कळेना. हेमांगीने एका हाताने साखळी धरली, दुसऱ्याने कडी धरली, आणि दार होतं तसंच धरून उभी राहिली. फटीतून कोमट वाफ आत यायला लागली, ओल्या बनियनच्या वासाची. तिच्या डाव्या कुशीत, फासळीपाशी, काहीतरी हळूच सुटलं.