दहा वाजता उघडणारं अंगण

आमच्या पालमच्या घराचं अंगण म्हणजे तापलेला तवा. सकाळी ऊन येतं ते दिवेलागणीपर्यंत हलायचं नाव घेत नाही. तरी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाई सिद्धम्मांनी, ते जन्मभर शेणानं सारवून, सडा-रांगोळी करून लख्ख ठेवलं. यंदा त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला बंदी घातली. मी शाळेत शिकवते, सकाळीच एसटी पकडते. माझ्याच्यानं सारवण होईना. अंगणात धूळ उडायला लागली तशा आत्याबाई दाराकडे पाठ करून बसू लागल्या. मला ते बघवत नव्हतं.

"फरशी टाकून मोकळं व्हा," माझा नवरा शिवप्रकाश म्हणाला.

"मंग मला बी उचलून गच्चीवर ठिवा," आत्याबाई म्हणाल्या. फरशीचा विषय संपला.

मी लॉन सुचवलं. त्यावर सासरे, ईश्वरअप्पा, उसळलेच. "हरळी? वावरातली हरळी उपटून हाताला घट्टे पडले, आन् आता तीच इकत आणून दारात लावायची?"

वर लॉनला रोज पाणी लागतं, आणि आमच्या नळाची मर्जी आठवड्यातून एकदा. पाण्यावाचूनच दारचा मोगरा गेला होता. शेवटी अप्पा एकटेच परभणीला गेले आणि नर्सरीतून चिनी गुलाबाची रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन आले. याला ऊन हवं, पाणी बेताचं, आणि जमिनीवर आपला आपण पसरतो.

आत्याबाईंनी पान चुरगळून बघितलं. "ही तर घोळ हाय! भाजी लावायलाव का दारात?"

"घोळीची बहीण हाय. फुलं लय येतेत. तुला पूजेला आपल्या दारचं फूल मिळंल."

असं होतं तर! आत्याबाई उजाडताच अप्पांना चहा देतात, मग आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन त्याची पूजा करतात. तोवर स्वतः पाण्याचा घोटही घेत नाहीत. मोगरा गेल्यापासून शेजारच्या सुलाबाईंकडून फूल मागून आणावं लागायचं, ते त्यांच्या मनाला फार लागायचं.

पावसाळा सरता सरता अंगण हिरवंगार झालं, कळ्या धरल्या. आत्याबाई सकाळी आंघोळ उरकून ताम्हण घेऊन दारात गेल्या, तर सगळी फुलं मिटलेली. चिनी गुलाब ऊन चढल्याशिवाय डोळा उघडत नाही, हे नर्सरीवाल्यानं सांगितलं नव्हतं आणि अप्पांनी विचारलं नव्हतं.

"मिटलेलं फूल देवाला कसं वाहू?" त्या हळूच म्हणाल्या.

अप्पांचं तोंड एवढंसं झालं. "उपटून टाकतो," म्हणत ते पायरी उतरले.

"हात लावू नगा," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी उशिरा उठले. नऊ वाजून गेलेले आणि गॅस थंडगार! अप्पांच्या चहाला जरा उशीर झाला की आख्ख्या गल्लीला कळायचं. आज मात्र दोघंही ओट्यावर गुपचूप बसलेले.

"अप्पा, चहा नाही झाला?"

"हिची पूजा व्हायचीय."

"फुलं उमलल्यावर करायलेय पूजा," आत्याबाई म्हणाल्या. "ह्यांना रोज सांगायलेय, तुमी घ्या म्हणून. ऐकनात."

या वयात दोघांनी उपाशी बसायचं म्हणजे काय! मी चांगलीच रागावले. अप्पांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "उमलू दे गं," एवढंच म्हणाले.

अंगणभर ऊन पसरलं. पायरीजवळचं एक फूल उघडलं, मग त्याच्या शेजारचं, आणि बघता बघता गुलाबी, पिवळं, केशरी अंगण झालं. अप्पा स्वतःच्या गुडघ्यावर हात टेकत वाकले. ओंजळभर फुलं खुडून त्यांनी ताम्हणात ठेवली. माझा राग कुठल्या कुठे गेला, डोळेच भरून आले.

पूजा झाली. मी दोन कप चहा आणला. आत्याबाईंनी सवयीनं पहिला कप अप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशी आत्याबाईंपुढं धरली.

"आदी तू," ते म्हणाले.